शत्रूंची नावं

शनिवारी धुतलेला शर्ट घालताना अजूनही माझा हात क्षणभर थांबतो. ही सवय सरांमुळे लागली. आमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवायचे, मी मराठी. शनिवारी सकाळी स्टाफरूममध्ये कुणी इस्त्रीचा शर्ट घालून आलं, की सर चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे.

"आज शनिवार. स्वच्छ शर्ट. का बरं?"

नवीन माणूस गोंधळून जायचा. "धुतलेला होता सर, म्हणून घातला."

"स्पेनमध्ये एवढं उत्तर पुरलं नसतं," असं म्हणून सर आपल्या वर्तमानपत्रात डोकं घालत. मग आमच्यापैकी कुणीतरी त्या नवीन माणसाला समजावून सांगायचं, की तिकडे ज्यूंना धाकदपटशानं ख्रिस्ती करून घेतलं होतं आणि ते घरात लपून जुना धर्म पाळतात का, यावर इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, नजर होती. शनिवार हा ज्यूंचा पवित्र वार. त्या दिवशी कुणी धुतलेला शर्ट घातला, कुणाच्या धुराड्यातून धूर आला नाही, हे शेजारी बघून ठेवत आणि कळवत. तेवढ्यावर माणूस आत जाई.

लग्नाच्या पंगतीत सर वाढप्याला थांबवून विचारायचे, "भातात मीठ आहे का?" गोव्यात बाटवलेल्या लोकांनी बिनमिठाचा भात शिजवणं हा गुन्हा होता, कारण तो जुन्या धर्माचा भात. वाढप्याला यातलं काही ठाऊक नसे. "वरून घ्या की सर," म्हणून तो मिठाची वाटी पुढे करी. सर ती हातात घेऊन शेजाऱ्याला म्हणत, "बघा, किती सहज सुटलो."

ते नास्तिक नव्हते. नास्तिक माणसाला धर्माच्या कोर्टकचेऱ्यांत एवढा रस वाटत नाही. आम्हा लिंगायतांचं लिंग त्यांच्याही गळ्यात होतं. कपाळावरची विभूती मात्र काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, लावली तरच दिसायची, आणि काकू ती रोज लावायच्या. सरांची उंची बरीच, त्यामुळे ते दारात वाकून उभे राहत आणि काकू टाचा उंचावून तीन बोटं ओढत. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात देवघर आणि पुस्तकांचं कपाट एकाच भिंतीला होतं. उदबत्तीचा वास इन्क्विझिशनच्या पानांना लागलेला असे. मी त्यांच्याकडून पुस्तक आणलं की माझ्या घरी दोन दिवस सोमवार असल्यासारखं वाटायचं.

काकू अक्कलकोटच्या बाजूच्या. दोघं भांडायची कन्नडमध्ये आणि समेट मराठीत व्हायचा. मूलबाळ नव्हतं. ऐकायला दुसरं कुणी नसल्यानं सर जे वाचत ते काकूंना सांगत. भाकरी थापता थापता काकूंनी इतकी वर्षं ऐकलं, की या विषयात सोलापुरात सरांच्या खालोखाल त्यांनाच कळत असावं. एकदा मी कुठल्याशा शिक्षेबद्दल काही बोललो, तर त्या आतूनच म्हणाल्या, "तसं न्हाय भाऊजी. त्यो पळून गेला तर त्याचा पुतळा जाळायचे. सापडला असता तर त्यालाच जाळला असता की." सर बाहेर मान डोलवत बसले होते.

वर्गातला त्यांचा पहिला तास दर वर्षी ठरलेला होता. एखाद्या मुलाला पुढे बोलवायचं आणि शांतपणे विचारायचं, "तुला इथं का बोलावलं, माहीत आहे?" मग गप्प उभं राहायचं. मी एकदा मागच्या बाकावर बसून तो तास पाहिला. करमाळ्याकडचा एक धिप्पाड मुलगा पुढे आला होता.

"न्हाय सर."

सर गप्प.

"सर, मागच्या तासाला हजेरी लावून गेलतो, त्ये व्हय?"

सर गप्प.

"गेटपाशी गाडी मीच लावलीवती. पण लगीच काढली."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. वर्ग हसायला लागला होता. मुलाच्या कपाळावर घाम आला.

"सर, त्या सायन्सच्या पोरीचा नंबर म्या न्हाय मागितला. ह्यानं मागितला. ह्यो बगा, निळा शर्ट." निळ्या शर्टवाला बाकाखाली वाकला.

"बस जाऊन," सर म्हणाले. "मला यातलं काही माहीत नव्हतं." मग वर्गाकडे वळून, "ते असंच करायचे. आरोप सांगायचा नाही. का धरलं ते तूच ओळख म्हणायचं. माणूस आपले गुन्हे आपणच सांगत जातो. आणि जाताना शेजाऱ्यालाही घेऊन जातो." त्या दिवशी वर्गात पुढचा अर्धा तास कुणी कागद फाडला नाही की बाक वाजवला नाही.

एकदा आम्ही सगळे कॉलेजचे लोक गोव्याला गेलो होतो. बाकीचे किनाऱ्यावर गेले. सर मला घेऊन जुन्या गोव्यात, जिथं इन्क्विझिशनचा वाडा होता तिथं गेले. तिथं काहीच उरलेलं नाही. मोकळी जागा, गवत, एक शहाळीवाला. सर बराच वेळ उभे राहिले. शहाळीवाल्यानं विचारलं, "काय हुडकता?" सर म्हणाले, "काही नाही. गवत बघतोय." परतल्यावर स्टाफरूममध्ये सगळे समुद्राचे फोटो दाखवत होते, तेव्हा सरांनीही मोबाइल पुढे केला. त्यात गवताचे फोटो होते.

आता त्या व्याख्यानाविषयी.

काकू ज्या मठात दर सोमवारी समाधीच्या दर्शनाला जायच्या, त्या मठाच्या सभागृहात सरांचं व्याख्यान होतं. विषय मठाच्या मूळ महाराजांचा. महाराजांनी दुष्काळात कोरड्या विहिरीत काठी टेकवली आणि पाणी उसळलं, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. सर म्हणाले, "जुन्या पोथ्यांत ही काठी नाही. ती आपल्या आजोबांच्या काळात कुणीतरी आणून ठेवली. पोथीत आहे ते असं, की महाराजांनी लोकांकडून विहीर खणून घेतली आणि स्वतः डोक्यावरून माती वाहिली. मला तो माती वाहणारा माणूस जास्त मोठा वाटतो." मी सरांच्या शेजारी व्यासपीठावर होतो. कुणी रागावलेलं मला दिसलं नाही. टाळ्या झाल्या, शाल दिली, पेढे वाटले.

काही दिवसांनी मठातून सरांना निरोप आला. समाजाच्या मंडळींना जरा बोलायचंय, रविवारी दुपारी या. सर माझ्याकडे आले ते जवळजवळ खुशीतच. "चला. इन्क्विझिशनमध्येही आरोपीला वकील मिळत असे. वकिलाचं काम एकच, आरोपीला कबूल हो म्हणून सांगायचं. तुम्ही शांत आहात, तुम्हाला जमेल."

वाटेत मात्र ते निराळ्या आवाजात म्हणाले, "मी माफी मागणार नाही. विहीर खणलेली आहे. मी पोथी पाहिलीय."

मठाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर चारजण बसले होते. समाजाचे अध्यक्ष पूर्वी बार्शीला भुसार धंद्यात होते, गोड बोलणारे, गोरे, थकलेले गृहस्थ. "बर्री सर, कुंदर्री, बसा," म्हणून त्यांनी लोड पुढे केला. चहा आला.

"का बोलावलंय, ते मी ओळखायचं का?" सरांनी विचारलं.

अध्यक्षांना कळेना. "ओळखा की."

"मी श्रावणात कांदा खातो."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "सर, हे आम्हाला माहीत नव्हतं," अध्यक्ष म्हणाले.

"सोमवारचा उपास मी दुपारी मोडतो. कॅन्टीनमध्ये. बटाटेवडा."

"ते असू द्या हो सर. ते तुमचं तुमच्यापाशी." अध्यक्ष घाईघाईनं मुद्द्यावर आले. महाराजांबद्दल सर जे बोलले त्यानं मन दुखावलंय, अशी तक्रार आली आहे. सरांनी उद्या सोमवारी आरतीआधी सगळ्यांसमोर चुकलो म्हणावं आणि पुन्हा महाराजांविषयी कुठं बोलू नये. विषय संपला.

"आणि नाही म्हटलं तर?"

"बहिष्कार-बिहिष्कार काही नाही हां सर. कायदा आहे. आम्ही काहीच करणार नाही." अध्यक्षांनी चहाची बशी खाली ठेवली. "पण उद्या कुणाच्या घरी काही बरंवाईट झालं, तर जंगम येईल, न येईल. रुद्रभूमीत जागा असेल, नसेल. आम्ही कोणाला काय सांगणार?"

आमच्यात माणूस गेला की त्याला रुद्रभूमीत बसवून पुरतात. जंगम येऊन विधी करतो. सरांचे आईवडील त्याच रुद्रभूमीत आहेत, आणि त्यांच्याशेजारची जागा आपली, असं काकू बोलून दाखवायच्या. दुसऱ्या बायका दागिन्यांबद्दल बोलतात तशा. सरांनी हे मनात मोजलं असणार. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"तक्रार कुणाची?"

"नाव सांगत नाही सर. तसा शब्द दिलाय."

आणि सर एकदम खुलले. चष्मा वर ढकलून, पुढे सरकून बसले. वर्गात एखाद्या मुलानं चांगला प्रश्न विचारल्यावर बसायचे तसे.

"अध्यक्ष, मग रीतसर करू. इन्क्विझिशनमध्येही साक्षीदाराचं नाव सांगत नसत. पण आरोपीला एक सवलत होती. त्यानं अंदाजानं आपल्या शत्रूंची नावं घ्यायची. तक्रार करणारा त्या नावांत निघाला, तर ती तक्रार आकसाची म्हणून बाद. मी नावं घेतो. त्यात तुमचा माणूस निघाला, तर माफी नाही. मी घरी जातो आणि पुन्हा कुणी काही बोलायचं नाही. नाही निघाला, तर उद्या तुम्ही म्हणाल तसं. मान्य?"

एकजण कुरकुरला. अध्यक्ष हसले. त्यांनाही हे लवकर संपवायचं होतं. "मान्य. पण खोटं बोलणार नाही आम्ही. देवाच्या घरात बसलोय."

सरांनी सुरुवात केली. उपप्राचार्य, कारण त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकातल्या चुका सरांनी चारचौघांत काढल्या होत्या. अध्यक्षांनी मान हलवली, नाही. चुलतभाऊ, कारण शेताचा बांध. नाही. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, कारण त्यांच्या पोराला सरांनी रात्री गाणी लावू दिली नव्हती. नाही. मठाचा पुजारी, कारण काठीवर त्याची मिळकत आहे. पुजारी बाहेर घंटा पुसत होता, तो आत डोकावून म्हणाला, "मी न्हाय हां सर." दूधवाला. इस्त्रीवाला. अध्यक्ष स्वतः, कारण भाषणात सरांनी त्यांचं नाव घ्यायचं राहिलं होतं. "छे हो," अध्यक्ष म्हणाले, पण जरा लाजले.

"मग हे," सर म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं.

"मी?" मी म्हणालो.

"माझं पुस्तक तुमच्याकडे किती दिवस आहे? परत करायचं राहिलेल्या पुस्तकाचा माणसाला राग येतो. पुस्तकाच्या मालकाचा."

सगळे हसले. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "नाही सर, हेही नाहीत. वाचलात हो तुम्ही." मला मात्र ते थोडं लागलं. मी पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत केलं.

नावं संपत आली होती. सरांनी विचार केला आणि म्हणाले, "तक्रार पूर्ण सांगा. शब्दशः. शेवटी तेवढं तरी सांगायचे ते लोक."

अध्यक्षांनी आठवून सांगितलं. "तुम्ही म्हणालात की काठी नंतर आली. तुम्ही म्हणालात की विहीर खणलेली आहे. आणि तुम्ही म्हणालात की समाधीत महाराज नाहीतच. आत कुणी नाही. बायका रिकाम्या दगडापुढे रडतात."

हे शेवटचं सर व्याख्यानात म्हणाले नव्हते. मी शेजारी होतो. मी तसं सांगायला तोंड उघडलं, आणि सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

हे वाक्य त्यांनी कुठं उच्चारलं असेल, हे मला तेव्हा हळूहळू समजलं. दर सोमवारी मठातून येऊन कुणीतरी भाकऱ्या करायला बसतं आणि पाटावर बसलेला माणूस ऐकायला दुसरं कुणी नसल्यामुळे मनात येईल ते बोलत असतो.

"अजून एखादं नाव?" अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. मला वाटतं, त्यांनाही सरांनी ते नाव घ्यावं आणि सुटावं असं वाटत होतं. "घ्या की सर. एखादं राहिलं असेल. सावकाश आठवा."

"नाही."

"एकच घ्या."

"नाही. शत्रू संपले." सर उठले. "उद्या आरतीआधी येतो. काय म्हणायचं ते तुम्ही सांगा, तेच म्हणतो."

मठाच्या पायऱ्या उतरल्यावर ते म्हणाले, "तुम्ही वकील आहात. अशिलाचं बाहेर बोलायचं नाही." आम्ही घरी आलो. काकू दारातच उभ्या होत्या.

"काय झालं?"

"झालं. चुकलो म्हणून सांगणार आहे उद्या. भूक लागलीय."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाकरी टाकू?"

"टाक."

सर जेवले. शेंगाचटणी छान झालीय म्हणाले. ती त्या घरात रोज असायची आणि त्यांनी तिचं कौतुक केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

सोमवारी सभागृह भरलं होतं. सर माइकपाशी वाकून उभे राहिले आणि सांगितलेली दोन वाक्यं म्हणाले. महाराजांच्या बाबतीत माझं चुकलं. पुन्हा बोलणार नाही. वर्गात जसं बोलायचे त्याच आवाजात. मी बायकांच्या बाजूला बघायचं टाळलं.

त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना हे फार लागलं. ज्यांना सरांनी न वाकलेल्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यांतल्या एकानं व्हॉट्सअॅपवर लांबलचक मजकूर टाकला. शेवटी लिहिलं होतं, की आम्हाला आगीच्या गोष्टी सांगणारा माणूस स्वतः उन्हातही उभा राहिला नाही. सरांनी तो मला वाचायला दिला. "मुद्दा बरोबर आहे," म्हणाले. "भाषा जरा सुमार." उत्तर दिलं नाही. तो मुलगा पुढे कधी त्यांच्याकडे आला नाही. बरेच आले नाहीत.

सरांनी व्याख्यानं बंद केली. बोलावणी येत, ते तब्येतीचं कारण सांगत. तब्येत चांगली होती. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ते वाचत राहिले, पण सांगत नसत. मी कधी विषय काढला तर दुसरीकडे वळवत. एकदाच म्हणाले, "माफी मागितलेल्याला पिवळा झगा घालायला लावत. नंतर तो त्याच्या नावासकट चर्चमध्ये टांगत. विरला तर नवा करून टांगत, म्हणजे नातवंडांनाही दिसावा." मग मोबाइल वर करून म्हणाले, "आता विरतही नाही." यावर आम्ही दोघं हसलो. मला वाटतं ते त्यांचं शेवटचं व्याख्यान.

गेल्या महिन्यात सर गेले. झोपेतच. जंगम वेळेवर आला. समाज झाडून आला. अध्यक्ष आता फार थकलेत, तरी काठी टेकत आले आणि त्यांनी स्वतः सरांच्या कपाळाला विभूती लावली. आईवडिलांशेजारी सरांना बसवलं. बाजूची जागा मोकळी ठेवली आहे. तिथं जमलेल्या बऱ्याच जणांना तो सोमवार आठवत असावा. कुणी विषय काढला नाही.

परवा मी काकूंना भेटायला गेलो. येणारेजाणारे कमी झाले होते. मी कपाटाकडे बघत बसलो होतो. काकू समोर बसल्या, पदराच्या टोकाला गाठ मारत, सोडत.

"भाऊजी, त्या दिवशी तुमी होता की तितं."

"होतो."

"मला कुणी सांगितलं न्हाय कदी. त्यांनी कुणाकुणाची नावं घेतली हो?"

वकिलानं बोलायचं नसतं. पण अशील गेला होता, आणि नावं घेतलेली सगळी माणसं निर्दोष होती. मी सांगायला लागलो. उपप्राचार्य. चुलतभाऊ. वरचे भाडेकरू. दूधवाल्याचं नाव आलं तेव्हा काकूंना हसू आलं. "तो बिचारा पानी सुदिक घालत न्हवता हो." इस्त्रीवाला. पुजारी. अध्यक्ष.

"आणि मी," मी म्हणालो.

"तुमचं बी?"

"पुस्तक परत केलं नव्हतं म्हणून."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि खूप दिवसांनी हसावं तशा हसल्या. मग पदर तसाच धरून म्हणाल्या, "आनि माझं?"

"नाही."

"शेवटपातूर न्हाय?"

"नाही. अध्यक्ष म्हणत होते, अजून एक घ्या. ते नाही म्हणाले."

काकूंनी पदर तोंडावरून खाली घेतला. शेजारच्या घरात कुणीतरी कुकर उघडला, भाताचा वास आला.

"मी अध्यक्षांना नुसतं म्हटलं होतं, ह्यांना जरा समजावून सांगा. मला ऐकवत न्हाय म्हटलं. सभा बसवतील, असं माझ्या ध्यानात न्हवतं." त्यांनी गाठ सोडली. "म्हंजे कळलं होतं त्यांना."

मी पुन्हा कपाटाकडे बघितलं.

"मग माझं घ्यायचं की," काकू म्हणाल्या. "सुटले असते."